हौशी नभोवाणी : नक्कल आणि अस्सल

नभोवाणी हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर एकतर्फी बोलणे येते. केंद्रावर कोणी तरी बोलतो आणि आपण घरोघरी ऐकतो. परंतु जगात असेही लाखो लोक आहेत की ज्यांच्या घरी ऐकण्याचे आणि बोलण्याचे असे दोन्ही साहित्य असते. ते कोणत्याही केंद्राचे नोकर नसतात. या बोलण्याबद्दल त्यांना पैसा मिळत नाही, आणि नियमाप्रमाणे तो घेताही येत नाही. आपापल्या सरकारची परीक्षा देऊन व परवाना मिळवून ते घराच्या गच्चीवर तारेचे एरियल उभारतात आणि ओळखीच्या व अनोळखी माणसांशी शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटरवर संभाषण करतात. त्यांना हौशी नभोवाणीचालक, किंवा जगभर रूढ झालेल्या शब्दाने ‘हॅम’ असे म्हणतात.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या छंदाला एक नवे भावंड लाभले आहे. संगणकाच्या पडद्यावर रेडिओचे चित्र काढलेले असते. त्यावर फिरवावयाची चकती असते, आवाज लहानमोठा करण्याची खुंटी असते, येणाऱ्या संदेशाचा जोर दाखविणारा काटाही असतो. चकती फिरवली की खरखर ऐकू येते. त्या खरखरीतून दूरचा मनुष्यस्वर उमटतो, मध्येच विरतो, पुन्हा वर येतो. आपण बोलतो आणि तिकडून उत्तर येते. मात्र गच्चीवर तार नसते, घरात प्रक्षेपक नसतो, आणि आपल्या आवाजाची एकही लहर आकाशाच्या वाटेने गेलेली नसते. सारा व्यवहार इंटरनेटवरून चाललेला असतो.

ही नक्कल कशी केली जाते, तिच्यापासून काय मिळते, आणि काय मिळू शकत नाही, याचा विचार आज करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ करमणुकीचा नाही. पडद्यावरच्या रेडिओची गोडी लागलेल्या मुलामुलींनी तेथेच थांबावे, की त्या पायरीवरून पुढे जाऊन परीक्षा द्यावी व खरे एरियल उभारावे, हे ठरावयाचे आहे. आणि एखाद्या संकटात त्यांच्या गावाला त्यांचा काही उपयोग होईल की नाही, हे पुष्कळसे त्यावर अवलंबून आहे.

नक्कल समजून घ्यावयाची तर आधी अस्सल काय आहे ते पाहिले पाहिजे. लघुलहरींवरील संभाषणात सर्वांत मोठा भागीदार कोण असेल, तर तो सूर्य होय. सूर्याच्या किरणांमुळे पृथ्वीच्या वातावरणाच्या वरच्या भागात विद्युत्भारित कणांचे थर निर्माण होतात. या भागाला आयनांबर असे नाव आहे. त्यातला सर्वांत खालचा ‘डी’ थर सुमारे ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असतो. तो लहरींना परत पाठवीत नाही, तर पुष्कळशा शोषून घेतो. त्याच्या वर ‘ई’ थर, आणि त्याहून वर, सुमारे १५० किलोमीटरपासून चारशे किलोमीटरच्या आसपासपर्यंत, ‘एफ’ थर. हा ‘एफ’ थर लघुलहरींना वाकवून पुन्हा पृथ्वीकडे धाडतो. म्हणूनच क्षितिजापलीकडच्या गावाशी बोलता येते.

सूर्य मावळला की ‘डी’ थर जवळजवळ नाहीसा होतो. त्यामुळे ८० मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यावर भर दुपारी जेथे दूरचे काही ऐकू येत नाही, तेथे रात्री दूरदूरची केंद्रे बोलू लागतात. उलट २० मीटरच्या पट्ट्यावर दिवसा लांबचा पल्ला गाठता येतो. सूर्यावरील डागांची संख्या साधारण अकरा वर्षांच्या चक्राने कमीजास्त होते, आणि तिच्यासंगे हे सारे गणितही बदलते. शिवाय वाटेत कोठे वीज कडाडली तर तिचा कडकडाट कानी येतो. एकच आवाज दोन वाटांनी येऊन त्या वाटा एकमेकींना कधी पूरक तर कधी मारक ठरल्या म्हणजे तो फुगतो आणि विरतो. या सर्व अडचणींतून समोरच्याचे नाव आणि गाव नेमके टिपणे, हीच हौशी चालकाची खरी विद्या होय.

या विद्येची स्वतःची एक भाषाही आहे. कोणाशीही बोलावयास तयार आहोत हे सांगण्यासाठी ‘सी क्यू’ अशी हाक घालतात. मोर्स लिपीत ती ‘डा-दि-डा-दित, डा-डा-दि-डा’ अशी वाजते. प्रत्येक चालकाला सरकारने दिलेले संकेतनाम, म्हणजे कॉल-साइन, असते. भारतातील संकेतनामे बहुधा ‘व्ही यू’ या अक्षरांनी सुरू होतात. नावे कळावीत म्हणून अक्षर न् अक्षर फोडून सांगतात. बेळगावीचा चालक आपल्या गावाचे नाव ‘ब्राव्हो, एको, लिमा, अल्फा, गोल्फ, अल्फा, व्हिक्टर, इंडिया’ असे सांगेल. आवाज किती स्पष्ट व किती जोरदार आला हे दोन आकड्यांत कळवितात. ‘पाच-नऊ’ म्हणजे उत्तम. निरोप घेताना ‘त्र्याहत्तर’ हा आकडा सांगतात, त्याचा अर्थ ‘शुभेच्छा’. सर्वांत महत्त्वाचा शिष्टाचार मात्र असा की, बोलण्यापूर्वी ऐकावे, आणि तो मार्ग दुसरे कोणी वापरीत नाही याची खात्री करून घ्यावी.

आता इंटरनेटकडे वळू. येथे तीन निरनिराळ्या गोष्टींची गल्लत होते, म्हणून त्या वेगळ्या केल्या पाहिजेत.

पहिला प्रकार जोडणीचा. कॅनडात १९९७ साली ‘आयआरएलपी’ या नावाची योजना सुरू झाली आणि २००२ साली ‘एकोलिंक’ ही प्रणाली निघाली. यांत खरी केंद्रे इंटरनेटने एकमेकांस जोडलेली असतात. चालकाचा आवाज त्याच्या हातातील लहान संचातून जवळच्या केंद्रापर्यंत लहरींनी जातो, तेथून इंटरनेटने दुसऱ्या खंडातील केंद्रापर्यंत पोहोचतो, आणि तेथे पुन्हा लहरींवर स्वार होतो. मधला लांबचा प्रवास तेवढा इंटरनेटचा. एकोलिंकवर थेट संगणकावरूनही बोलता येते. परंतु परवानाधारक असल्याचा पुरावा दिल्यावाचून तेथे प्रवेश नाही, कारण आपला आवाज कोठे तरी खऱ्या प्रक्षेपकातून बाहेर पडण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार दूरच्या कानांचा. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठात २००८ साली एक रिसीव्हर इंटरनेटला जोडण्यात आला. जगातील कोणीही आपल्या घरी बसून त्याची चकती फिरवावी आणि तेथील एरियलवर त्या क्षणी काय ऐकू येते ते ऐकावे, अशी ही सोय. येथे ऐकू येणारी खरखर खरी असते, आवाज खरे असतात. फक्त कान आपल्या घरापासून हजारो किलोमीटर दूर असतात. ही नक्कल नव्हे.

तिसरा प्रकार तेवढा पूर्ण नकलेचा. २०१० च्या सुमारास पुढे आलेली ‘हॅमस्फिअर’ ही प्रणाली त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. येथे कोठेच प्रक्षेपक नाही, एरियल नाही. लहरींचा प्रवास केवळ गणिताने उभा केलेला आहे. म्हणून परवाना नसलेल्यांनाही येथे बोलता येते, आणि अशा सभासदांना त्या प्रणालीपुरते एक संकेतनाम मिळते. ते संकेतनाम खऱ्या लहरींवर वापरता येत नाही, हे सांगावयास नकोच.

ही नक्कल घडते कशी? बेळगावीची एखादी विद्यार्थिनी अशा प्रणालीवर बसली आहे आणि ग्वाल्हेरच्या कोणा मराठी गृहस्थांना हाक मारते आहे, असे समजू. तिचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरला की संगणक त्याचे आकड्यांत रूपांतर करतो. दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज हवा असेल तर सेकंदाला ८,००० वेळा त्या आवाजाची उंची मोजावी लागते. प्रत्येक मापासाठी आठ द्विमान अंक धरले तर सेकंदाला ६४,००० अंक झाले. मनुष्याच्या बोलण्यातील पुनरुक्ती ओळखून हा पसारा आवळता येतो. भ्रमणध्वनीसाठी तयार झालेल्या एका पद्धतीने तो सेकंदाला १३,००० अंकांवर येतो. मग या आकड्यांची लहान लहान पाकिटे केली जातात. एका पाकिटात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे बोलणे मावते, म्हणजे मोजलेली १६० मापे. ही पाकिटे मध्यवर्ती संगणकाकडे रवाना होतात.

विद्यार्थिनीने पडद्यावरील चकती ज्या आकड्यावर लावली आहे, तो आकडाही पाकिटाबरोबर जातो. खऱ्या रेडिओत हा आकडा म्हणजे सेकंदाला लहरीची किती आंदोलने होतात त्याची संख्या. येथे तसे काही आंदोलत नाही. येथे तो आकडा म्हणजे नुसता पत्ता आहे. टपाल कचेरीत पत्रे गावागावांच्या कप्प्यांत टाकतात, त्याप्रमाणे मध्यवर्ती संगणक त्या आकड्याच्या जवळपास चकती लावून बसलेले सर्व लोक शोधतो आणि तिचा आवाज त्यांच्याकडे पाठवितो. दोघे एकदम बोलले तर दोघांची मापे एकमेकांत मिळविली जातात आणि ऐकणाऱ्याला खऱ्याप्रमाणेच गोंधळ ऐकू येतो. चकती थोडी चुकली तर संगणक मुद्दाम स्वर वरखाली सरकवितो, आणि बोलणे बदकाच्या आवाजासारखे किंवा फार घोगरे होते. खऱ्या रेडिओवरही चकती चुकली तर असेच होते. तेथे ते निसर्गनियमाने होते, येथे आज्ञेने.

यापुढचे काम आयनांबराच्या नकलेचे. बेळगावी आणि ग्वाल्हेर यांचे अक्षांश-रेखांश संगणकास ठाऊक असतात. त्यावरून दोहोंमधील अंतर सुमारे १,२०० किलोमीटर निघते. ‘एफ’ थर ३०० किलोमीटर उंचीवर आहे असे धरले, तर एका उसळीत हे अंतर कापण्यासाठी लहर क्षितिजापासून सुमारे २३ अंश वर निघाली पाहिजे. तिने निवडलेले एरियल या कोनात किती जोर टाकते? दिवसाची वेळ कोणती? सूर्य किती वर आहे? त्या महिन्यात सौरडाग किती आहेत? या प्रश्नांची उत्तरे सूत्रांत घातली की आवाज किती क्षीण करावयाचा ते ठरते. अशी सूत्रे या छंदासाठी नव्याने शोधावी लागली नाहीत. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ या नभोवाणीच्या कामासाठी तयार झालेली ‘व्होएकॅप’ ही गणनपद्धती लघुलहरी कोठे पोहोचतील याचा अंदाज फार पूर्वीपासून देत आली आहे. दोन वाटांनी येणारा आवाज कसा विरतो हे गणिताने दाखविण्याची एक रीत वॉटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० साली प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून मांडली होती.

शेवटी खरखर. दूरध्वनीचे अभियंते खरखर घालविण्यासाठी रात्रीचा दिवस करतात, आणि येथे संगणक यदृच्छेने आकडे निवडून ती खरखर मुद्दाम निर्माण करतो व स्वच्छ आवाजात मिसळतो. प्रथमदर्शनी हा वेडेपणा वाटेल. परंतु शिकणाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर यातच नकलेचे खरे मूल्य आहे. ज्याला नेहमीच स्वच्छ आवाज ऐकावयास मिळाला, त्याचा कान कधी तयार होणार नाही. खरखरीतून नाव टिपण्याची, न समजलेले पुन्हा विचारण्याची, आणि आपण स्वतः सावकाश व स्पष्ट बोलण्याची सवय अडचण असल्याशिवाय लागत नाही.

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. खऱ्या लहरीला बेळगावीहून वर जाऊन ग्वाल्हेरला उतरावयास सुमारे साडेचार सहस्रांश सेकंद पुरतात. नकलेत मात्र मध्यवर्ती संगणक युरोपात असला, तर दोन शेजारी गावांचे बोलणेही समुद्रापार जाऊन परत येते, आणि त्यास त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. कानाला हा विलंब फारसा जाणवत नाही. पण ‘थेट’ वाटणारी ही भेट किती हातांतून जाते, ते यावरून ध्यानात यावे.

आता लाभाचा हिशेब मांडू. पहिला लाभ जागेचा. शहरांतल्या मोठ्या इमारतींत गच्ची सर्वांची सामायिक असते आणि तेथे तारा बांधू देण्यास शेजारी सहजी राजी नसतात. ४० मीटरच्या पट्ट्यासाठी नेहमीचे सरळ एरियल घ्यावयाचे तर सुमारे २० मीटर लांबीची तार ताणावी लागते. तेवढी मोकळी जागा किती घरांना असते? दुसरा लाभ खर्चाचा. खऱ्या संचाची किंमत विद्यार्थ्याला परवडणारी नसते. संगणक किंवा भ्रमणध्वनी पुष्कळ घरांत आधीच असतो. तिसरा लाभ निर्धास्तपणाचा. खऱ्या लहरींवर चूक केली तर दुसऱ्याच्या संभाषणात व्यत्यय येतो, आणि एखाद्या महत्त्वाच्या सेवेच्या मार्गात आपण शिरलो तर तो अपराध ठरतो. नकलेत चुकलो तर कोणाचे नुकसान नाही. शिकणाऱ्याला चुकण्याची मुभा असावी, हे शिक्षकाला वेगळे सांगावयास नको.

चौथा लाभ संकोच मोडण्याचा. अनोळखी माणसाशी, परभाषेत, ठरलेल्या रीतीने, थोडक्यात आणि विनयाने बोलणे पुष्कळ हुशार मुलांना जमत नाही. परीक्षेत उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी मायक्रोफोनसमोर गप्प होतो. त्याने अशा नकलेवर महिनाभर दररोज दहा मिनिटे हाक घातली, तर पुढे खरा परवाना हाती आल्यावर त्याची जीभ अडखळणार नाही. आणि जे वृद्ध किंवा आजारी चालक आता गच्चीवर चढू शकत नाहीत, ज्यांना एरियल उतरवून लहान घरात राहावयास जावे लागले, त्यांना जुन्या मित्रांशी जुन्या रीतीने बोलण्याचे सुख या नकलेने मिळू शकते. या सुखाला कोणी कमी लेखू नये.

असे असूनही हौशी चालकांपैकी अनेकांना ही नक्कल रुचत नाही. हे म्हणजे दुधाची तहान ताकावर भागविणे होय, असा त्यांचा आक्षेप असतो. आक्षेप कडवट असला तरी त्यात तथ्य आहे काय, हे तपासले पाहिजे. माझ्या मते दोन ठिकाणी त्यात तथ्य आहे, आणि दोन्ही ठिकाणी इतिहासच साक्षीला आहे.

पहिली साक्ष शंभर वर्षांपूर्वीची. विसाव्या शतकाच्या आरंभी जाणकारांचा असा समज होता की, दूरचा पल्ला गाठावयाचा तर लहर जितकी लांब तितकी चांगली. २०० मीटरपेक्षा आखूड लहरी फारशा उपयोगाच्या नाहीत असे मानले जाई. म्हणूनच अमेरिकेने १९१२ च्या कायद्याने हौशी चालकांना २०० मीटर व त्याखालच्या लहरींवर नेऊन बसविले. निरुपयोगी पडीक जमीन गरिबांना देऊन टाकावी, तसाच हा प्रकार होता. परंतु त्या पडीक जमिनीत हौशी लोकांनी चिकाटीने मशागत केली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन चालक स्कॉटलंडमधील अर्ड्रॉसन येथे समुद्रकाठी तंबू ठोकून बसला, आणि २०० मीटरच्या आसपासच्या लहरींवरील अमेरिकेतील हौशी केंद्रांचे संकेत त्याने थेट ऐकले. पुढे नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील लेऑं देलॉय यांनी अमेरिकेतील फ्रेड श्नेल आणि जॉन राइनार्ट्झ यांच्याशी सुमारे १०० मीटरच्या लहरींवर दुतर्फी संभाषण केले. अटलांटिक महासागर हौशी माणसांनी आखूड लहरींवर ओलांडला! वरच्या थराची कल्पना केनेली आणि हेविसाइड या दोघांनी १९०२ साली मांडली होती. पण त्या थराचा प्रत्यक्ष पुरावा अॅपल्टन यांनी १९२४ साली दिला आणि त्या संशोधनासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आता अशी कल्पना करा की, १९२० साली आजच्यासारखे संगणक होते, आणि त्या वेळच्या विद्वानांनी आपल्या सर्व ज्ञानानिशी नभोवाणीची उत्तम नक्कल तयार केली असती. त्या नकलेत १०० मीटरची लहर महासागर ओलांडून गेली असती काय? कधीच नाही. सूत्रात जे घातले नाही ते उत्तरात येत नाही. त्या नकलेवर हजारो मुलांनी वर्षानुवर्षे सराव केला असता, तरी लघुलहरींचा शोध लागला नसता; उलट त्या निरुपयोगी आहेत ही समजूत अधिकच पक्की झाली असती. नकलेची मर्यादा येथे स्पष्ट होते. ती माणसाला ठाऊक असलेले आकाश शिकविते. अजून ठाऊक नसलेले आकाश ऐकावयाचे तर खरी तार बांधण्यावाचून गत्यंतर नाही.

दुसरी साक्ष आपल्या देशातली आहे. हैदराबाद येथे १९८३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय हौशी नभोवाणी संस्थेची एक तुकडी डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली अंदमानात गेली होती. अंदमान-निकोबारची हाक त्या काळी जगाच्या हौशी नभोवाणीवर क्वचितच ऐकू येई. ती ऐकण्यासाठी देशोदेशीचे चालक कान लावून बसले होते. उद्देश छंदाचा होता. २६ डिसेंबरच्या सकाळी भूकंप झाला आणि त्सुनामीच्या लाटा आल्या. बेटांचा दूरध्वनी खंडित झाला. जी यंत्रे छंदासाठी नेली होती, त्यांवरून बेटांवरील परिस्थिती मुख्य भूमीस कळविली जाऊ लागली आणि हवालदिल नातेवाइकांच्या चौकशांना उत्तरे जाऊ लागली. तेथे एक एरियल, एक संच आणि विजेचा काही तरी पुरवठा, एवढे पुरेसे होते. मधल्या समुद्रात कोणाची तार शाबूत असण्याची गरज नव्हती.

नकलेचे रेडिओ त्या सकाळी अंदमानात असते, तर दूरध्वनीबरोबर तेही मुके झाले असते. कारण जी तार तुटली, तिच्यावरच त्यांचे आकाश टांगलेले असते. एवढेच नव्हे, तार शाबूत असली तरी मध्यवर्ती संगणकाच्या मालकाने तो बंद करावयाचे ठरविले, तर ते सारे आकाश एका क्षणात विझते. खऱ्या आयनांबराला मालक नाही.

या मालक नसण्याचे मोल गोमंतकीय श्रोत्यांना निराळे सांगावयास नको. १९५५ ते १९६१ या काळात वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी गोव्याच्या सीमेलगतच्या रानांतून, आंबोली आणि कॅसलरॉक या भागांतून, स्वातंत्र्याचा आवाज गोव्यात पोहोचविला. ती हौशी नभोवाणी नव्हे, ते राजकीय प्रक्षेपण होते. पण लहरींचा धर्म तोच. पोर्तुगीज राजवटीने सीमेवर पहारे बसविले होते, वृत्तपत्रांवर नियंत्रण ठेवले होते. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये कोणाच्याही मालकीची तार नव्हती, म्हणून पहाऱ्यांच्या डोक्यावरून तो आवाज घराघरांत उतरला.

मग नक्कल त्याज्य ठरते काय? मला तसे वाटत नाही. मराठी घरात ताकाला कोणी दुधाचा शत्रू समजत नाही. नकाशा म्हणजे प्रदेश नव्हे, तरी नकाशावाचून आपण भूगोल शिकवीत नाही. प्रयोगशाळेतील चुंबक म्हणजे पृथ्वीचे चुंबकत्व नव्हे, तरी त्याच्याच मदतीने मुलांना दिशा समजते. चूक होते ती नकाशा हाच प्रदेश आहे असे समजण्यात. पडद्यावरील रेडिओवर शंभर देशांशी बोललेल्या मुलाने आपण शंभर देशांशी रेडिओवर बोललो असे मानू नये. आणि त्याने तसे म्हटले तर मोठ्यांनी त्याचा उपहासही करू नये. त्याला एवढेच सांगावे की, तू उच्चार शिकलास, शिष्टाचार शिकलास, ऐकावयास शिकलास. आता राहिले आहे ते आकाश.

ती वाट पुष्कळांना वाटते तेवढी बिकट नाही. भारतात परवान्यासाठी केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. तीत विजेची व रेडिओची मूलतत्त्वे आणि हौशी नभोवाणीचे नियम विचारतात. शाळेत विज्ञान नीट शिकलेल्या मुलाला ही तत्त्वे अवघड जाऊ नयेत. आणि परवाना मिळेपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. लघुलहरी घेणारा साधा रिसीव्हर आणि खिडकीबाहेर सोडलेली काही मीटर तार, एवढ्यावर ऐकता येते. शाळांतून असा एक प्रयोग सहज करण्यासारखा आहे. मुलांचे दोन गट करावेत. एका गटाने नकलेच्या रेडिओवर, दुसऱ्याने खऱ्या रिसीव्हरवर, पंधरा दिवस सकाळी, दुपारी आणि रात्री ठराविक वेळी ४० मीटरचा पट्टा ऐकावा व काय ऐकू आले ते वहीत लिहावे. मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहाव्यात. जेथे त्या जुळतील तेथे माणसाचे गणित बरोबर आहे. जेथे जुळणार नाहीत तेथे मुलांनी ‘का?’ असे विचारावे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकाला लगेच देता आले नाही, तरी त्यात उणेपणा मानू नये. पॉल गॉडली तंबूत बसला तेव्हा त्याच्यापुढेही असाच प्रश्न होता.

श्रोते हो, आपण मराठी माणसे गोव्यापासून ग्वाल्हेरपर्यंत आणि बडोद्यापासून हैदराबादपर्यंत पांगलेली आहोत. या गावांमधील अंतरे चारसहाशे ते हजारबाराशे किलोमीटरची, म्हणजे लघुलहरींच्या एका उसळीच्या आवाक्यातली आहेत. प्रत्येक गावात परवाना घेतलेले दोघेचौघे तरुण असले, त्यांनी आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी एकमेकांना हाक घातली, तर भाषेचा स्नेह तर राहीलच. शिवाय पूर, वादळ किंवा भूकंप यांनी एखाद्या गावाच्या तारा तोडल्या, तर त्या गावची खबर देणारे कोणी तरी तेथे असेल. त्यांनी पहिला धडा पडद्यावरच्या रेडिओवर खुशाल गिरवावा. मात्र तेथेच न थांबता त्यांनी परीक्षेचा अर्ज भरावा आणि गच्चीवर जाऊन तारेसाठी दोन खांबांची जागा पाहून ठेवावी, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.